डोळ्यांवर हेडसेट, समोर खोटा वर्ग: खेळातून लक्ष कसं मोजतात?

नागपुरातल्या मॉलच्या गेम झोनमध्ये पोरं डोळ्यांवर जाडजूड चष्म्यासारखं काहीतरी चढवून हवेत तलवारी फिरवताना दिसतात. तो व्हीआर हेडसेट. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, अर्थात आभासी जग. मान वळवली की समोरचं दृश्यही वळतं, खाली पाहिलं की जमीन दिसते, आणि आपण खरंच तिथे उभे आहोत असं वाटू लागतं. हाच हेडसेट आता काही मानसशास्त्रज्ञांच्या खोलीतही पोचला आहे. तिथे पोराला एक खेळ देतात आणि वीसेक मिनिटांनी पालकांच्या हातात अहवाल येतो: लक्ष किती टिकलं, घाई किती झाली.

हे ऐकून काही आई-बाबांना हायसं वाटतं, की चला, आता मशीनच सांगेल. काहींना हे नवं खूळ वाटतं. माझं म्हणणं असं, की हा खेळ कामाचा आहे, पण डॉक्टरांच्या खोलीत. शाळेत सरसकट, कोचिंग क्लासच्या प्रवेशाच्या वेळी किंवा कुठल्याशा शिबिरात तो खेळवला, तर फायद्यापेक्षा घोळ जास्त होईल. असं का, ते समजायला आधी लक्ष मोजतात कसं ते पाहावं लागेल.

लक्ष मोजायचं म्हणजे काय मोजायचं?

ही कल्पना हेडसेटपेक्षा खूप जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेत रोसवोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी तयार केली. समोर एकामागून एक अक्षरं येणार आणि ठरलेलं अक्षर आलं की बटण दाबायचं, एवढंच. ती मुळात मेंदूला इजा झालेल्यांसाठी होती. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यातल्या कॉनर्स यांच्या प्रसिद्ध आवृत्तीत उलटं असतं: प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त इंग्रजी 'एक्स' आलं की हात आवरायचा. ३६० वेळा अक्षर येतं आणि १४ मिनिटं हे चालतं. मुद्दामच कंटाळवाणं ठेवलंय, कारण कंटाळ्यातच लक्षाची परीक्षा होते.

यात दोन तऱ्हेच्या चुका होतात. दाबायचं होतं आणि दाबलं नाही, म्हणजे हुकलं. दाबायचं नव्हतं आणि दाबून मोकळं झालं, म्हणजे घाई. ढोबळमानाने पहिली चूक लक्ष भरकटल्याचं सांगते आणि दुसरी उतावळेपणाचं.

तिसरी गोष्ट पालकांच्या नजरेतून बहुतेक सुटते, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते: बटण दाबायला लागणाऱ्या वेळातली चढउतार. एखादं पोर सावकाश असतं, पण प्रत्येक वेळी साधारण तितकाच वेळ घेतं. दुसरं पोर तीनदा झटकन दाबतं, चौथ्यांदा हरवल्यासारखं होतं, मग पुन्हा झटकन. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ही चढउतार जास्त असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एडीएचडी म्हणजे वयाच्या मानाने लक्ष न टिकणं, चुळबुळ आणि उतावळेपणा इतका असणं, की रोजचं जगणंच अडू लागावं. मात्र अशी चढउतार झोप न झालेल्या किंवा काळजीत असलेल्या पोरातही दिसू शकते, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग त्यासाठी हेडसेट कशाला?

आरटीओत दुचाकीचा परवाना काढताना मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय टेकला नाही की पास. पण तोच माणूस संध्याकाळी सहा वाजता बर्डीवर व्हरायटी चौकात गाडी घेऊन उतरला, की समोरून ई-रिक्षा, बाजूला 'आपली बस', मध्येच फुगेवाला, मागून हॉर्न. तिथे त्याचं काय होतं, ते आठच्या आकड्यावरून कळत नाही. कॉम्प्युटरवरची जुनी चाचणी म्हणजे तो आठचा आकडा. शांत खोली, रिकामी भिंत, समोर एकच अक्षर. अशा खोलीत बरीच मुलं नीट खेळून जातात, आणि शाळेतून मात्र तक्रारी येतच राहतात.

खरा चौक खोलीत आणता येत नाही, पण त्याची नक्कल आणता येते. २०००च्या सुमाराला अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट 'स्किप' रिझो आणि सहकाऱ्यांनी हेडसेटमध्ये एक आख्खा वर्ग उभा केला. बाकं, बाई, फळा, खिडकी. फळ्यावर अक्षरं येतात आणि काम तेच, बटण दाबायचं. पण मधूनच कागदी विमान उडत जातं, खिडकीबाहेरून गाडी जाते, दारातून कुणी आत येतं. पोर विमानाकडे पाहतं का, पाहिलं तर किती वेळ, आणि परत फळ्याकडे वळतं का, हे सगळं नोंदलं जातं.

स्पेनमध्ये 'ऑला' नावाची अशीच चाचणी बाजारात आली. ती ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात बघणं आणि ऐकणं दोन्ही तपासतात. ऐकलेलं चटकन पकडणारं पण पाहिलेलं निसटणारं पोर त्यात वेगळं ओळखू येतं. माझ्या मते निदानाच्या शिक्क्यापेक्षा ही माहिती वर्गातल्या बाईंच्या जास्त कामाची.

मशीनला असं काय दिसतं, जे बाईंना दिसत नाही?

हेडसेटला डोकं कुठे वळलं ते सतत ठाऊक हवं, नाहीतर दृश्य मागे पडेल. म्हणून तो सेकंदाला सत्तरेक वेळा डोक्याची जागा आणि कोन मोजतो. पंधरा मिनिटांच्या खेळात साठ हजारांवर नोंदी झाल्या. यातली एकही नोंद मुद्दाम घेतलेली नाही. दृश्य दाखवायला ती लागतेच, आणि चाचणी घेणाऱ्यांनी तिचाच उपयोग करून घेतला. हातातल्या रिमोटची हालचालही तशीच मिळते. काही हेडसेट बुबुळं कुठे रोखली आहेत तेही टिपतात.

फिनलंडमधल्या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या 'एपेली' या खेळात वर्ग नाही, घर आहे. पोराला कामांची यादी ऐकवली जाते: दात घास, केळं खा, अमुक वेळ झाली की तमुक कर. मग घरभर फिरून ती कामं आठवणीने करायची. टीव्ही वगैरे भुरळ घालायला आहेतच. कोणत्याही आईला यात आपली सकाळची साडेसहाची लढाई ओळखू येईल. किती कामं झाली, उगाच किती वस्तू हाताळल्या, घड्याळ किती वेळा पाहिलं, किती येरझाऱ्या घातल्या, हे सगळं मोजलं जातं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ३७ आणि नसलेल्या ३६ मुलांची नजर त्यांनी तपासली. एडीएचडी असलेल्या मुलांची नजर वस्तूंवर जास्त वेळ रेंगाळत होती आणि एका जागेवरून दुसरीकडे जास्त वेळा उडत होती. अभ्यास मोलाचा आहे, पण मुलं सत्तरेकच, तीही तिकडची.

उतावळेपणा एकाच जातीचा नसतो

हात न आवरणं हा एक उतावळेपणा. त्यासाठी लोगन आणि कोवान यांनी १९८४ साली मांडलेली पद्धत वापरतात: बटणाकडे हात निघाला की मध्येच 'थांब' असा इशारा द्यायचा आणि ब्रेक किती लवकर लागतो ते पाहायचं. वाट न पाहवणं हा दुसरा: आज एक चॉकलेट की उद्या दोन? तिसरा धोका पत्करण्याचा. २००२ साली आलेल्या एका चाचणीत पडद्यावरचा फुगा फुगवत न्यायचा असतो. जितका मोठा तितके पैसे, पण फुटला की त्या फुग्याचे सगळे पैसे गेले.

हे तीन प्रकार एकाच पोरात एकत्र असतीलच असं नाही. म्हणून अहवालात नुसतं 'उतावळेपणा जास्त' लिहिलं असेल तर विचारावं, कुठला?

व्हीआरमध्ये हे तपासायचा एक अंगावर येणारा मार्ग म्हणजे रस्ता ओलांडणं. न्यूझीलंडमध्ये २००६ साली १३ ते १७ वर्षांच्या मुलांना आभासी रस्ता ओलांडायला लावला. एडीएचडी असलेली मुलं येणाऱ्या गाडीपुढे अंतर कमी ठेवत होती, आणि त्यांना आभासी गाडीची धडक बसायचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या घरात होतं. असा प्रयोग खऱ्या वर्धा रोडवर कोणीच करणार नाही. हेडसेटची खरी किंमत इथे कळते.

'मोबाईलवर तर दोन-दोन तास गेम खेळते पोट्टं, तेव्हा बरं लक्ष असतं!'

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. एडीएचडीत लक्ष मुळातच नसतं असं नाही. जिथे हवं तिथे ते लावणं आणि नको तिथून काढून घेणं अवघड जातं. मोबाईलचा गेम दर दोन-तीन सेकंदांनी बक्षीस देतो: नाणी, आवाज, पुढची लेव्हल. तिथे लक्ष ओढून घेण्याचं काम गेमच करतो. भूगोलाचं पुस्तक असं काही करत नाही.

याच आक्षेपाला एक टोकदार बाजू मात्र आहे. व्हीआर हीसुद्धा गंमतच आहे. पहिल्यांदा हेडसेट घातलेलं पोर नवलाईनेच दहा मिनिटं सावध राहील आणि अहवाल उगाच चांगला येईल. म्हणून चांगल्या चाचण्यांत सुरुवातीला सरावाचा वेळ देतात आणि मुख्य काम मुद्दाम नीरस ठेवतात. गुण नाहीत, लेव्हल नाही, टाळ्या नाहीत. एखाद्या ठिकाणी चाचणीचा खेळ फारच रंगतदार दिसला, तर मला त्याच्याविषयी उलट शंका येईल.

आणखी एक गोष्ट पालकांना गोंधळात टाकते. घरचे आणि शाळेतले जे सांगतात, ते चाचणीशी जुळत नाही. २०१३ साली टोपलॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी याविषयीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. लक्ष, नियोजन, मनावरचा ताबा मोजणाऱ्या चाचण्या आणि त्याच गोष्टींबद्दलच्या प्रश्नावल्या यांच्यातला मेळ त्यांना फार थोडा आढळला. १ म्हणजे तंतोतंत मेळ आणि ० म्हणजे काहीच मेळ नाही असं धरलं, तर मधला आकडा ०.१९ निघाला. याचा अर्थ कोणीतरी खोटं बोलतंय असा नाही. चाचणी सांगते की सगळं सांगून, समजावून, समोर बसवल्यावर पोर काय करू शकतं. आई सांगते की रोज ते काय करतं. व्हीआरने ही दरी कमी व्हावी अशी अपेक्षा आहे, पण ती पूर्ण बुजेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहावं.

मग शाळेतच सगळ्यांना एकदा खेळवून का पाहू नये?

वरवर पाहता सूचना चांगली आहे. पण हिशेब करून पाहू. एडीएचडीचं प्रमाण किती, यावर २००७ साली जगभरातल्या अभ्यासांची मोट बांधून काढलेला आकडा ५.२९ टक्के होता. आपण ५ धरू. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असंही धरू: एडीएचडी असलेल्या १०० पैकी ८० मुलं ती बरोबर पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ८० मुलांना बरोबर सोडून देते. हे ८० समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या विशिष्ट चाचणीचे नाहीत.

शाळेत १,००० मुलं आहेत. त्यांतल्या ५० जणांना एडीएचडी आहे, चाचणी ४० पकडते. उरलेल्या ९५० पैकी २० टक्के, म्हणजे १९० मुलांवर ती उगाच बोट ठेवते. एकूण २३० घरी चिठ्ठी जाईल: 'तुमच्या पाल्याच्या लक्षात दोष आढळला.' त्यातल्या ४० घरांचीच चिठ्ठी खरी. म्हणजे सहा चिठ्ठ्यांतल्या पाच फुकटच्या. शिवाय १० मुलं निसटली ती वेगळीच, आणि त्यांच्या आई-बाबांना आता 'आमचं तर नॉर्मल आलं' म्हणायला कागद मिळाला.

आता तीच चाचणी बालमानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीत न्या. तिथे येणारी मुलं आधीच तक्रारींतून गाळून आलेली असतात. समजा, १०० पैकी ५० जणांना खरंच एडीएचडी आहे. चाचणी ४० बरोबर पकडते, १० चुकीची. बोट ठेवलेल्या पाचांतली चार मुलं खरी निघाली. चाचणी तीच, खेळ तोच, हेडसेट तोच. बदललं एवढंच, की समोर कोण बसलंय.

इंग्लंडमध्ये २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नाईस या सरकारी आरोग्य-सल्लागार संस्थेने ६ ते १७ वयोगटासाठी क्यूबीटेस्ट या चाचणीला हिरवा कंदील दाखवला. ती व्हीआर नाही, कॉम्प्युटरवरची आहे, आणि कपाळावर खूण बांधून कॅमेऱ्याने हालचाल टिपते. परवानगीसोबत अट आहे, की ती तज्ज्ञांच्या तपासणीला जोड म्हणून वापरायची. ती अट या हिशेबाशी सुसंगतच आहे.

स्पेनचा वर्ग, नागपूरचं पोर

कुठल्याही चाचणीला 'याच्या वयाची मुलं साधारण किती चुका करतात' याचा तक्ता लागतो. ऑलाचा तक्ता स्पेनमधल्या १,२७२ मुलांवरून तयार झाला. आता आपल्याकडचा वर्ग डोळ्यांपुढे आणा: बाकावर तिघं-चौघं, घरघरणारा पंखा, मेमध्ये उन्हाळी वर्ग असेल तर कुलरचा धबधबा, बाजूच्या वर्गातून पाढे. अशा गोंगाटाची सवय असलेलं पोर तिकडच्या नीटनेटक्या वर्गात कदाचित जास्तच शांत बसेल. किंवा परक्या उच्चारातल्या इंग्रजी सूचना न कळल्यामुळे बटण चुकवेल, आणि कागदावर ते 'हुकलं' म्हणून लागेल. म्हणून सूचना मराठीत आहेत का, आणि तुलना कुठल्या मुलांशी केली आहे, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधीच विचारावेत. भारतीय मुलांसाठी 'इन्क्लेन' या वैद्यकीय संशोधन संस्थेची एडीएचडीची प्रश्नावली इथल्याच डॉक्टरांनी तयार केली आहे. ती दिसायला साधी आहे, पण आपल्या घरांना आणि शाळांना जुळणारी.

आणि मुली. वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत बसलेली, कुणाला त्रास न देणारी मुलगी 'शहाणी' ठरते आणि दहावीत गाडी घसरली की मगच शोधाशोध सुरू होते. तिच्यासाठी मात्र ही चाचणी जास्त न्यायाची ठरू शकते. घाई शून्य आणि हुकलेलं भरपूर असा अहवाल आला, तर डॉक्टरांना निदान पुढे विचारायला जागा मिळते.

चक्कर, चष्मा, वजन

डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, म्हणून काहींना मळमळतं. एका जागी बसून खेळायच्या चाचण्यांत हे कमी होतं. हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, त्यामुळे लहानग्यांच्या मानेला तो जड होतो, आणि दोन भिंगांतलं अंतर मुलांच्या डोळ्यांना जुळवून घ्यावं लागतं. फिट येत असेल तर आधीच सांगा. चष्मा असेल तर तो घालूनच बसवा.

नोंदी कुठे जातात?

हा भाग लोक हसण्यावारी नेतात. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका व्हीआर खेळाच्या पन्नास हजारांहून जास्त खेळाडूंच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली तपासल्या. नाव नाही, चेहरा नाही. फक्त १०० सेकंदांच्या हालचालीवरून कोण खेळतंय ते ९४ टक्के वेळा ओळखता आलं. म्हणजे 'नाव काढून टाकलंय' म्हटल्याने पोराची ओळख पुसली जातेच असं नाही. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. सही करताना ती कशावर करतोय ते वाचा, आणि कच्च्या नोंदी किती काळ ठेवणार ते विचारा.

खेळच औषध असतो का?

हा वेगळा विषय आहे, पण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२०मध्ये 'एंडेव्हर-आरएक्स' या टॅबलेटवरच्या गेमला ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांच्या उपचारासाठी मान्यता दिली. तो उपचाराला जोड म्हणून आहे, मोजमापासाठी नाही, आणि व्हीआरही नाही. दोन्हींना 'लक्षाचा गेम' म्हणून एकाच पाकिटात विकणारं कुणी भेटलं, तर पाकीट परत करावं.

नागपुरात सुरुवात कुठून करायची?

हेडसेटपासून नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. डॉक्टर सगळ्यात आधी साध्या गोष्टी पाहतील: नजर, ऐकू येणं, झोप, रक्त कमी आहे का, घरात काही ताण आहे का, वाचनातच अडचण आहे का. कारण यातली कुठलीही गोष्ट बाहेरून 'लक्ष नाही' अशीच दिसते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निकषांनुसार लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी हवीत. वीस मिनिटांचा कोणताच खेळ पोराचे सहा महिने पाहू शकत नाही. ते काम आई, आजी आणि वर्गशिक्षिका यांच्या बोलण्यातूनच होतं, म्हणून जाताना शाळेच्या वह्या आणि बाईंनी लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी सोबत घ्या.

त्यानंतर डॉक्टरांनी व्हीआर चाचणी सुचवली, तर अवश्य करा. पोर रात्री नीट झोपलेलं असू द्या आणि सकाळची वेळ मागा. ट्यूशनहून दमून आलेल्याला संध्याकाळी सातला हेडसेट चढवू नका. औषध आधीच सुरू असेल तर त्या दिवशी ते द्यायचं की नाही, हे स्वतः ठरवू नका, डॉक्टरांनाच विचारा. अहवाल आला की एकूण गुणांच्या आकड्यावर अडकू नका. हुकलेलं किती, घाई किती, सुरुवातीच्या पाच मिनिटांत आणि शेवटच्या पाच मिनिटांत फरक किती, आणि व्यत्यय आला तेव्हाच चुका झाल्या की शांततेतही, या चार गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या. व्यत्ययातच चुकत असेल तर वर्गात पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवून पाहता येतं. शांततेतही शेवटी शेवटी घसरत असेल, तर अभ्यासाचे तुकडे लहान करावे लागतील आणि सलग दोन तासांचा क्लास त्याला झेपणार नाही.